गणपतीची हवा

पेणला हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली. टायर का गेला असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. रस्ता खराब, कंपनी खराब, नाहीतर आधीच्या दुकानदाराने गंडवलं. मी फक्त हो म्हणायचं असतं. त्याने स्वतः काही केलं असेल असं चुकून बोललो, तर पुढच्या वेळी तो समोरच्या दुकानात जातो.

टायर मात्र खोटं बोलत नाही. उतरवून आडवा केला की पहिल्यांदा मी त्याची नक्षी बघतो. मधली नक्षी गेली आणि कडा शाबूत, म्हणजे हवा जास्त भरली होती. दोन्ही कडा गेल्या आणि मधलं शिल्लक, म्हणजे हवा कमी. एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर चाक तिरकं चालतंय. मधे मधे टक्कल पडलं असेल तर ब्रेक नाहीतर शॉकॲब्सॉर्बर बघावा लागतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बारीक भेगा पडतात, नक्षी अगदी नवी असली तरी. आमच्याकडे कितीतरी गाड्यांना पुढे लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी बांधलेली असते आणि टायरची हवा मागच्या दिवाळीला पाहिलेली असते. मी त्यांना म्हणतो, लिंबू राहू दे, त्या पैशात हवा बघत जा. ते हसतात.

या सगळ्यांत वाईट कमी हवा. जास्त हवेचा टायर धडधड उडतो, त्रास देतो, म्हणून माणसाच्या लक्षात येतो. कमी हवेचा टायर मऊ चालतो. बसणाऱ्याला बरं वाटतं. पण टायर म्हणजे एकसंध रबर नसतं. आत तारांचे आणि सुताचे थर असतात आणि त्यावर जमिनीला लागणारा नक्षीचा पट्टा चिकटवलेला असतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायर खाली दबतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा. लोखंडी तार हातात धरून वाकवत राहिलो तर वाकते तिथे ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच आत चाललेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही. आतल्या उष्णतेने थरांची पकड सुटत जाते आणि मग एखाद्या दुपारी, वेगात, ओझं असताना, वरचा पट्टा सालीसारखा निघून जातो. चाकाखाली उरतो तो नुसता सांगाडा.

हे मी कुणालाही अर्धा तास समजावू शकतो. समजावलेलंही आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. पेणमध्ये घरोघरी गणपतीच्या मूर्ती होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या मूर्ती जातात कशा, हे कुणी विचारत नाही. रंगवलेल्या मूर्ती नंतर जातात. त्याआधी, उन्हाळ्यातच, कच्च्या मूर्ती निघतात. रंग नाही, डोळे नाहीत, नुसते पांढरे गणपती. बाहेरगावचे लोक त्या नेऊन आपल्याकडे रंगवतात. टेम्पोत खाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर घालतात, मूर्तींच्या मधे पेंढा कोंबतात, आणि तरीही एक खड्डा आला की कुणाची तरी सोंड जाते, कुणाचा तरी कान. आणि आमचा हायवे तर तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा टेम्पोवाल्यांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे टायरची हवा उतरवणं. नेहमीच्या हवेतून तिसरा हिस्सा काढायचा. गाडी मऊ चालते, धक्का टायर खातो, मूर्ती शाबूत. याला आमच्याकडे गणपतीची हवा म्हणतात. टेम्पो दुकानासमोर लागतो, ड्रायव्हर आतूनच सांगतो, दादा, गणपतीची हवा करा. मी समजतो.

मूर्ती वजनाला हलक्या आणि गाडी हळू न्यायची असते, म्हणून जाताना फारसं बिघडत नाही. खरा धोका परतताना. म्हणून मी प्रत्येक टेम्पोवाल्याला व्हॉल्व्हचं टोपण लावता लावता एकच वाक्य सांगायचो: माल उतरला की पहिल्या पंपावर हवा भरा, मग दुसरं भाडं घ्या. ओळखीचा असो, अनोळखी असो. एका सीझनमध्ये हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा जात असेल, देव जाणे. हवेचं गेज मी तेव्हा फारसं हातात घेत नसे. टॉमीने, म्हणजे टायर उतरवायच्या लोखंडी दांड्याने, टायरवर ठोका मारायचा आणि आवाजावरून हवा किती ते सांगायचं. लोक पैजा लावायचे. मी जिंकायचो आणि त्याचा मला माज होता.

माझी पाठची बहीण रोह्याजवळ निडीला दिली होती. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. मोठा शांत माणूस. मी त्याला भावोजी म्हणायचो, तो मला दादा म्हणायचा, आणि दोघंही एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिलो. बाकी त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नव्हता. सीझनमध्ये तो निडीहून पहाटे निघायचा, पेणला कारखान्यात मूर्ती भरायचा, हवेसाठी माझ्याकडे थांबायचा. थांबला की चहा व्हायचाच. पहिल्या वर्षी माझं ते हवेचं वाक्य मी त्याला इतक्या वेळा ऐकवलं की एकदा तो म्हणाला, दादा, हे आता माझी दोन वर्षांची पोरगीसुद्धा पाठ म्हणून दाखवेल. मी हसलो. त्यानंतर त्याला सांगायचं मी सोडून दिलं. घरच्या माणसाला काय तेच तेच सांगायचं.

तो दिवस मे महिन्यातला होता. सकाळी आठचा सुमार. टेम्पो लागला आणि भावोजी उतरला तो डोळे लाल घेऊन. पोरीला रात्री ताप चढला होता. बहिणीने मध्यरात्री उठवलं, मग मोटरसायकलवर दोघींना घेऊन तो रोह्याला डॉक्टरकडे गेला, पहाटे परत आला आणि तसाच गाडी घेऊन निघाला. पोरीचा ताप उतरला होता. तो हसत होता, पण थकलेला होता. कल्याणला मूर्ती पोचवायच्या होत्या. आधीच्या खेपेला तीन मूर्तींच्या सोंडा गेल्या होत्या आणि कारखानदार त्याला चार माणसांत बोलला होता. ते त्याच्या मनाला लागलं होतं.

"आज जरा जास्तच मऊ करा दादा," तो म्हणाला.

मी जास्तच मऊ केली. चारही चाकांची हवा काढताना आम्ही पोरीच्या तापाबद्दल बोलत होतो. मी टॉमीचा ठोका मारला, आवाज ऐकला, ठीक आहे म्हणालो. चहा पिताना त्याचे डोळे बघून मला काळजी वाटली, म्हणून सांगितलं की मूर्ती उतरल्या की तिथेच तास-दोन तास झोपा, मगच निघा. तो हो म्हणाला. झोपेचं सांगितलं. हवेचं सांगितलं नाही.

दुपारी चार-साडेचारच्या आसपास तो परतला. कल्याणहून येताना पनवेलच्या बाजारातून रोह्यासाठी कांदे-बटाट्यांचं भाडं मिळालं होतं. माझ्या दुकानावरून जाताना तो नेहमी दोनदा हॉर्न वाजवायचा. त्याही दिवशी वाजवला. मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. त्याचा टायर हवा कमी ठेवून चालवल्याने गेला होता आणि तो ते कबूल करत नव्हता. हॉर्न ऐकून मी मान वर न करता हात तेवढा वर केला. मान वर केली असती तर मागची चाकं मला दिसली असती. गोण्यांनी भरलेली गाडी आणि खाली पोट काढलेले टायर. शंभर फुटांवरून मला ते कळलं असतं. मी रस्त्यात धावलो असतो, शिव्या घातल्या असत्या, गाडी वळवून आणली असती. पण मला त्या गिऱ्हाइकाला त्याची चूक पटवायची होती.

अर्ध्या तासात फोन आला. पेणच्या पुढे, कासू गावाच्या अलीकडे गाडी मोरीच्या कठड्यावर गेली होती. मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं, आणि नेलं म्हणजे नुसतं नेलं होतं. रस्ताभर कांदे पसरले होते. लोक ते गोळा करून बाजूला ढीग लावत होते, चांगली माणसं होती. मला कुणीतरी बसवायला बघत होतं आणि मी बसत नव्हतो. माझे डोळे मागच्या डाव्या चाकावर होते. त्याच्यावर नक्षी नव्हती. मी मागे चालत गेलो. बरंच मागे, रस्त्याच्या कडेला, पट्टा पडला होता. अख्खा, एका तुकड्यात. हात लावला तर अजून गरम होता.

पट्टा मोरीजवळ पडला असता तर म्हणता आलं असतं की आपटून निघाला. तो इतका मागे होता म्हणजे आधी तो सुटला आणि मग गाडी गेली. चाकाच्या रिमला टायरच्या आतल्या बाजूची काळी भुकटी लागली होती आणि टायरच्या कडेच्या बाजूवर गोल वळी पडली होती. कमी हवेवर लांब पळवलेल्या टायरचीच ती खूण. माझ्या दुकानात असा टायर आला असता तर मी न विचारता सांगितलं असतं की मालक, हवा कुणी काढली होती?

मी पट्टा गुंडाळला आणि माझ्या गाडीत टाकला. त्या वेळी मनात काय होतं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. काही नव्हतं. हात करत होते.

हवालदार ओळखीचा होता. त्याच्या गाडीचे टायर माझ्याकडेच व्हायचे. त्याने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं की दादा, हा तुमचाच धंदा, टायर आधी गेला की आपटून गेला?

"आपटून," मी म्हणालो.

एवढाच एक शब्द. त्याने मान हलवली. मग तिथे जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं की ड्रायव्हरला डुलकी लागली असणार. दुसऱ्याने विचारलं की रात्री झोपला होता का. तिसऱ्याला निडीची बातमी होती की पोर आजारी होती, रात्रभर पळापळ झाली. झालं, गणित जुळलं. रात्रीपर्यंत निडीपासून पेणच्या पलीकडे जिते गावापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की माझा भावोजी गाडी चालवताना झोपला. मी काही बोललो नाही. मला बोलावंच लागलं नाही.

दहाव्याला कल्याणचा मूर्तीवाला आला होता. तो मला म्हणाला की कसं झालं हो, आमच्याकडे तर चांगला दोन तास झोपला होता, जेवून, पंख्याखाली. उशीर झाला म्हणून घाईने निघाला. माझ्याच सांगण्यावरून तो झोपला होता. झोपेत गेलेला वेळ भरून काढायला तो पंपावर थांबला नसावा, हे मला तिथेच उमगलं. मी त्या मूर्तीवाल्याला पाणी दिलं आणि एसटी स्टँडपर्यंत सोडून आलो. त्याने बहिणीशी बोलू नये एवढंच मी बघितलं.

बहीण फार रडली नाही. पंधराएक दिवसांनी मी गेलो तेव्हा चुलीपाशी बसून ती म्हणाली की मी त्यांना उठवलं नसतं तर. ताप काय, पोरांना येतो, सकाळपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं. मी समोर होतो. सांगायची ती वेळ होती. मी तिला म्हणालो की असा विचार करू नये. काय पण धीर दिला. जिचं ओझं नव्हतं तिच्या डोक्यावर ते राहू दिलं आणि वर शहाणपण शिकवलं.

सात वर्षं मी तसाच राहिलो. गणपतीची हवा करणं मी बंद केलं. टेम्पोवाले कारण विचारायचे, मी म्हणायचो की जमत नाही. ते पुढच्या दुकानात गेले. गेज घेतल्याशिवाय आता मी हवेला हात लावत नाही. महिन्यातून दोनदा निडीला जायचो, भात कापायला माणसं नसली की शेतात उतरायचो, पोरीची वह्या-पुस्तकं बघायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की जेवण जायचं नाही. तरी मनाची समजूत घालायचो की खरं सांगून काय होणार, माणूस तर परत येत नाही, बहीण मात्र जाईल. आईबाप दोघंही नव्हते. आम्हाला एकमेकांशिवाय कोण होतं?

मग पोर अकरा वर्षांची असताना तिला पुन्हा ताप आला. पावसाळा संपत आला होता. संध्याकाळी अंग गरम झालं, रात्री ती बरळायला लागली. शेजारी दीर राहतो, त्याच्याकडे मोटरसायकल आहे, फोन आहे. माझ्याकडेही फोन आहे. बहिणीने कुणालाही उठवलं नाही. ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसत सकाळपर्यंत बसून राहिली. सकाळी दिराने बघितलं तेव्हा पोर डोळे उघडत नव्हती. रोह्याला नेली, तिथून पुढे अलिबागला. पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर बहिणीला सरळच म्हणाले की आणखी चार तास गेले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो.

दवाखान्याच्या बाकड्यावर मी तिला रागाने विचारलं की अगं हाक का नाही मारलीस कुणाला.

"कुनाची झोप मोडायची नाय मला," ती म्हणाली. "एकदा मोडली तेवढी बास झाली."

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. माझं खोटं मी गाडून ठेवलंय असं मी समजत होतो, आणि ते आत काम करत होतं. पोर त्यात जाणार होती.

पोर घरी आली, चालायला लागली, तेव्हा एका दुपारी मी निडीला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. दीर शेतावर होता, पोर आत झोपली होती. बहीण पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होती. मीही समोर बसलो आणि सवयीने चार वाल हातात घेतले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगायला लागलो. टायरला आत थर असतात, हवा कमी असली की तो गरम होतो, वरचा पट्टा सुटतो.

"मला टायर नको शिकवूस," ती म्हणाली. "काय सांगायचं हाय ते सांग."

मग मी सांगितलं. हवा मी काढली होती. नेहमीपेक्षा जास्त काढली होती. परत भरा असं मी सगळ्यांना सांगतो, त्यांना सांगितलं नाही. परतताना ते माझ्या दुकानावरून गेले, मी बघितलं नाही. त्यांना डुलकी लागलीच नव्हती, कल्याणला दोन तास झोपून निघाले होते. टायरचा पट्टा आधी सुटला, मग गाडी गेली. पट्टा मी उचलून आणला आणि हवालदाराला खोटं सांगितलं.

ती वाल सोलत राहिली. मला वाटलं होतं की ती अंगावर धावून येईल, शिव्या देईल, ऊठ माझ्या घरातून म्हणेल. खरं सांगतो, तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती काहीच करत नव्हती. म्हणून मी ते वाक्य बोललो जे बोलण्यासाठी मी आलो होतो, ज्याने तिची सुटका होईल असं मी समजत होतो.

"तू उठवलंस म्हणून काय झालं नाय गो. तुझा काय दोष नाय."

सालींचा ढीग तिने हाताने एका बाजूला केला.

"म्हंजे जागे व्हते," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही. मी व्हय म्हणालो.

मग ती हळूहळू बोलली, खाली बघत. सात वर्षं तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती. झोपेत गेले. काही कळलं नसेल त्यांना, भीती वाटली नसेल, दुखलं नसेल. सासू मरेपर्यंत तिला तेच सांगितलं. पोरगी विचारण्याएवढी झाली तेव्हा पोरीलाही तेच सांगितलं, की तुझे बाबा झोपले आणि तसेच गेले. उठवल्याचा दोष तिने स्वतःकडे घेतला होता, पण त्याच्यासोबत ही एक गोष्टही होती, आणि तिच्या जोरावर ती जगत होती. मी आलो ते तिचा दोष घ्यायला. घेताना ते दुसरंही घेऊन गेलो.

"पट्टा सुटल्यावर किती येळ लागला?" तिने विचारलं.

असं विचारता येण्यासारखा जगात मी एकटाच माणूस होतो. आणि मला माहीत होतं. पट्ट्यापासून मोरीपर्यंत मी चाललो होतो. रस्त्यावर चाकांच्या काळ्या खुणा होत्या. गाडी डावीकडे गेली होती, त्याने ती परत आणली होती. पुन्हा गेली होती, पुन्हा आणली होती. एका जागी खुणा मुद्दाम कडेला वळल्या होत्या, समोरून येणाऱ्या कुणाला तरी त्याने जागा दिली होती. तो झगडला होता, बराच वेळ, आणि त्याला सगळं कळत होतं.

"येळ नाय लागला गो," मी म्हणालो. "लगेच झालं."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. खूप दमलेली दिसत होती.

"हवालदारालाबी असंच सांगितलंस ना?"

खरं सांगायला तोंड उघडेना, आणि खोटं सांगून तिला धीर देण्याची सोय मी त्या दुपारी कासूच्या रस्त्यावरच घालवली होती. ती उठली. वाल धुतले, शिजत लावले. संध्याकाळी मला ताट वाढलं. मी नको म्हणालो नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पोर आता तेरा वर्षांची आहे. रात्री तिला काही झालं तर बहीण दिराला हाक मारते, मलाही फोन करते. तेवढं तरी झालं. भाऊबीजेला मी जातो. ती पाट मांडते, ओवाळते, करंज्या बांधून देते. घरातलं सगळं बोलते, भात किती झाला, पोरीच्या शाळेत काय झालं. भावोजीचा विषय निघत नाही.

पाटावर बसलो असताना दरवेळी वाटतं की आज ती पुन्हा विचारील. यावेळी खरं सांगायचं, जे असेल ते, असं मी ठरवून गेलेला असतो. ती विचारत नाही. तिला ते जाणून घ्यायचं नसतं असं नाही. मी काही सांगितलं तरी ते खरं की तिला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं, हे तिला कधीच कळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारणार?